किडनी आईनेच का द्यायची? माया, जनुकं आणि घरातली रीत

ओसरी

मी मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या विभागात समुपदेशक आहे. किडनी कोण देणार हे ठरवायला घरचे बसतात तेव्हा बऱ्याचदा मी त्या खोलीत असते. माणूस आपल्या माणसांसाठी झीज का सोसतो यावर इथे अधूनमधून चर्चा होते. काही जण उत्क्रांतीचा दाखला देतात, काही संस्कारांचा. दोन्ही बाजू किडनीच्या उदाहरणावर घासून पाहता येतील असं वाटलं, म्हणून हा धागा.

आधी उत्क्रांतीची बाजू. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली एक छोटं सूत्र मांडलं. ज्याच्यासाठी झीज सोसायची त्याच्याशी रक्ताचं नातं किती (आईवडील-मूल आणि सख्खी भावंडं १/२, भाचा-पुतण्या १/४, चुलत-मामे भावंडं १/८), त्याला गुणिले त्याचा फायदा. हा गुणाकार देणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा भरत असेल तर तशी झीज सोसण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. फायदा-तोटा मोजायचा तो पैशात नव्हे, संततीत. बुडणाऱ्या मुलाला वाचवायला नदीत उडी घेण्याचं उदाहरण घेऊन हाच विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५५ मध्ये लिहिला होता. हे हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले, इथले नागरिक झाले आणि हॅमिल्टनचा लेख आला त्याच वर्षी भुवनेश्वरला वारले.

आता कायदा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात 'जवळचे नातेवाईक' म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. यादीत बाई-पुरुष असा भेद नाही. सूत्रातही नाही. आईचं मुलाशी १/२, बापाचंही १/२. नवरा-बायकोचं एकमेकांशी शून्य.

आणि आपल्याकडचं चित्र? जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य बायका, घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. देणाऱ्यांत मुख्यतः आई आणि बायकोच.

खोलीतली बोलणी अशी असतात : "थोरला कमावता आहे, त्याला नको." "धाकट्याचं अजून लग्न व्हायचंय." "जावयाला कसं विचारणार?" तोवर आई किंवा बायको म्हणालेली असते, "माझी घ्या की, मला कुठे नोकरीवर जायचंय." ती हे मनापासून म्हणते. दबाव असेल तर तो हुडकायला आम्ही दात्याशी एकट्याने बोलतो, तेव्हाही तिचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : माया का असते हे हॅमिल्टन सांगतो. ती कोणाच्या अंगातून वसूल व्हायची, हे घर ठरवतं.

माळढोक

धागा आवडला. पण हॅमिल्टनची अर्धीच बाजू आली आहे.

सूत्रात नात्याचा आकडा एक, फायदा दुसरा आणि तोटा तिसरा. सगळे पहिल्यावरच थांबतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका गांधीलमाशीवर कित्येक वर्षं काम केलं. गांधीलमाश्यांमध्ये सख्ख्या बहिणींचं नातं ३/४ असू शकतं, म्हणून त्या एकमेकींसाठी राबतात, असं सोपं उत्तर आधी दिलं जायचं. गदगकरांना दिसलं की त्या पोळ्यातल्या माद्यांचं आपसातलं नातं त्याहून बरंच कमी भरतं, तरी त्या राबतात. कारण एकटीने पोळं मांडलं आणि ती मध्येच मेली तर सगळी अंडी-अळ्या वाया. चारचौघींत राहून मेली तर तिचं अर्धवट काम दुसरी पुरं करते. म्हणजे निकाल लागतो तो फायद्या-तोट्यावर.

आता आईकडे बघा. पाळी थांबलेल्या बाईला पुढे मूल होणार नसतं. हॅमिल्टनच्या हिशेबात तिचा तोटा फारच कमी. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स यांनी पाहिलं की म्हाताऱ्या बायका कंदमुळं खणून नातवंडांना जगवतात. माणसाची मादी पाळी थांबल्यावरही इतकी वर्षं का जगते, याचं उत्तर त्यात असावं असं त्या म्हणतात. नवरा-बायकोचं नातं शून्य हे खरं, पण दोघांची मुलं एकच. मुलांचा बाप वाचणं हा तिच्या जनुकांचाही फायदा.

आणि एक वैद्यकीय मुद्दा तुम्हालाच जास्त ठाऊक असेल. बाळंतपणात बाईच्या शरीराची नवऱ्याच्या पेशींवरच्या खुणांशी ओळख होते, कारण पोटातल्या मुलात त्यातल्या अर्ध्या असतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (परक्या पेशींशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) तयार झाली तर पुढे नवऱ्याची किंवा मुलाची किडनी तिला चालत नाही. उलट दिशेने ही अडचण नाही. तेव्हा बायको नवऱ्याला देते आणि नवरा बायकोला देत नाही, याचं सगळं खापर घराच्या रीतीवर फोडू नका.

गोदाकाठ

समाजशास्त्राच्या बाजूने लिहितो.

हॅमिल्टनच्या हिशेबात चुलतभाऊ आणि मामेभाऊ अगदी सारखे, दोघंही १/८. आता मराठी गावात जाऊन बघा. बांधावरून कोर्टात कोण जातं? चुलते-पुतणे आणि चुलतभाऊ. सुट्टीत हक्काने कोणाकडे जायचं? मामाकडे. बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न ठरवतात आणि चुलतबहिणीशी लग्नाचा विचारसुद्धा पाप समजतात. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ साली जे लिहिलं ते वाचताना हेच सतत जाणवतं, की आपलं कोण नि परकं कोण याची आखणी प्रदेशागणिक बदलते, आणि रक्त तर सगळीकडे सारखंच वाटलं जातं. मार्शल सालिन्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये समाजजीवशास्त्रावर (सामाजिक वागण्याचं मूळ उत्क्रांतीत शोधणाऱ्या शास्त्रावर) घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता : कोणत्याही समाजातली नाती जनुकांच्या अपूर्णांकाप्रमाणे लावलेली नसतात.

भावाबहिणीचंच घ्या. दोन्ही बाजूंनी १/२. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. त्यानंतर तलाठी कार्यालयात कशाची गर्दी झाली असेल तर बहिणींच्या हक्कसोडपत्रांची. बहीण सही करते, वर भावाला ओवाळते. का करते? माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. भाऊ बहिणीसाठी हक्कसोड करतोय असं मी तरी पाहिलेलं नाही. ओसरीताई, तुमच्या किडनीच्या खोलीतही तेच चाललंय असं मला वाटतं.

माळढोक

भाऊबंदकीला उत्क्रांतीत उत्तर आहे. जवळचे नातलग एकाच तुकड्यासाठी झगडत असतील तर नात्याचा फायदा स्पर्धेत विरून जातो, हे १९९२ मध्ये गणिताने दाखवलं गेलं आहे. चुलतभावाशी जमिनीचा तुकडा सामाईक, मामेभावाशी नाही. शिवाय भाचा आपल्याच रक्ताचा याची खात्री मामाला असते, कारण तो बहिणीच्या पोटचा. पुतण्याबाबत चुलत्याला तितकी नसते.

आणि सालिन्स यांनी पॅसिफिक बेटांवरच्या दत्तकांचा जो दाखला दिला होता त्यावर जोन सिल्क यांनी १९८० मध्ये माहिती गोळा केली. तिथे मुलं सर्रास दत्तक जातात हे खरं, पण बहुतेक वेळा नात्यातच.

गोदाकाठ

जमीन चुलत्याशी सामाईक असते ती वारसा बापाकडून येतो म्हणून. आईकडून वारसा चालणाऱ्या मलबारच्या तरवाडांत (एकत्र घराण्यांत) मिळकत मामा-भाच्यांत सामाईक होती आणि मामाच घराचा कर्ता होता. म्हणजे तुमच्या हिशेबातली स्पर्धा कुठे लागायची हेही आधी रीतच ठरवते.

तिठा

एवढा अभ्यास नाही माझा, पण सुनेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, डायपर बदलायचा, नळीतून पेज द्यायची. पेज कोमट लागते, जाड झाली तर नळी तुंबते, म्हणून आधी गाळून घ्यायची. हे सगळं मी केलं. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं काही नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे ज्याचं १/२, दाराशी उभा राहून "आई, बरं वाटतंय का" विचारायचा आणि ऑफिसला जायचा. तो वाईट माणूस नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं आणि त्याच्याकडून कोणाची अपेक्षाही नव्हती.

कायदाही गमतीचा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. सुनेचं नाव त्यात नाही. कागदावर मी मोकळी आणि घरात सगळं माझ्यावर. सुना-जावयांना त्यात घालायचं विधेयक २०१९ मध्ये आलं होतं, ते काही पुढे सरकलं नाही. सरकलं नाही ते बरंच झालं असं मला वाटतं. जे मायेने केलं ते उद्या नोटीस आल्यामुळे केलं असं ठरायला नको.

माया सुरुवातीला नव्हती, हेही लिहिते. ती करता करता आली. शेवटी त्या मुलाला नाही, मला हाक मारायच्या.

वेताळटेकडी

तिठा, तुमचं शेवटचं वाक्य जीवशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. उत्क्रांती विरुद्ध समाज अशी दोन टोकं धरून बसलं की नेमकं हेच हातातून निसटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोणत्याही प्राण्याला समोरच्याची जनुकं दिसत नाहीत. दिसतात त्या खुणा. आपल्या घरट्यात आहे ते आपलं पिल्लू, एवढाच सातभाई पक्ष्याचा नियम. म्हणून तर पावशा त्याच्या घरट्यात अंडं घालतो आणि सातभाई पावशाचं पोर भरवत बसतो. माणसातही खुणाच काम करतात. लीबरमन, टूबी आणि कॉस्मिडीस यांनी २००७ मध्ये दाखवलं की भावंडांबद्दलची माया दोन गोष्टींवर उभी असते : आईने त्या बाळाला पाजताना आपण पाहिलं का, आणि लहानपणी किती वर्षं एका घरात काढली. दत्तक भाऊ सख्ख्यासारखा वाटतो तो यामुळेच.

आता खुणा सहवासातून येतात म्हटल्यावर सहवास कोणाला मिळतो हा प्रश्न येतो, आणि तो घराच्या वाटणीचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि करणाऱ्या पुरुषांचे ९७. घरातल्यांची काळजी घेण्यात बायकांची १३४, पुरुषांची ७६. इतका वेळ ज्याच्या वाट्याला येतो त्याचं शरीरही बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात शेकडो तरुणांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) काही वर्षांच्या अंतराने मोजलं. बाप झालेल्यांचं ते बरंच उतरलं होतं, आणि रोज तीन किंवा जास्त तास मुलाला सांभाळणाऱ्या बापांचं न सांभाळणाऱ्यांपेक्षा कमी होतं. टांझानियात हाड्झा बाप मुलांना अंगाखांद्यावर वागवतात आणि शेजारचे डाटोगा पशुपालक फारसे वागवत नाहीत. तिथे हाड्झा बापांचं टेस्टोस्टेरॉन बाप न झालेल्या हाड्झांपेक्षा कमी आढळलं, डाटोगांमध्ये असा फरक आढळला नाही. देश एक, परिसर एक, रीत वेगळी, आणि रक्तातला आकडा रीतीमागे गेलेला.

तेव्हा "बाईला निसर्गतःच माया जास्त" हे वाक्य कोणी इथे लिहिण्याआधी विचार करा. मुलगा दाराशी उभा राहिला, कारण त्याला आत जायचं कामच नेमून दिलेलं नव्हतं. पेज त्याने गाळली असती तर आईने त्यालाही हाक मारली असती.

माळढोक

वेताळटेकडी, पूर्ण सहमत. फक्त एक पुस्ती जोडतो. शरीर असं वाकू शकतं हीदेखील उत्क्रांतीची देणगी आहे. सारा ब्लाफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञांनी आधी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर काम केलं होतं, जिथे नवा हुप्प्या आला की आधीची पिल्लं मारतो, आणि वानरी पिल्लं वाचवण्यासाठी नाना खटपटी करतात. पुढे त्यांनी माणसाबद्दल लिहिलं की आपली पोरं आईला एकटीने वाढवणं कधी परवडलंच नसतं. आजी, मावशी, बाप, थोरली बहीण, शेजारीण, सगळ्यांनी उचलून घेतली म्हणून माणूस टिकला. म्हणजे काळजी घेण्याची क्षमता सगळ्यांत आहे. ती एकीच्याच गळ्यात बांधणं हे उलट उत्क्रांतीच्या विरुद्ध आहे, असं मी म्हणेन.

ओसरी

माळढोक, प्रतिपिंडांचा मुद्दा खरा आहे आणि आम्हाला तो रोज भेटतो. शिवाय पुरुषांत बीपी, मधुमेह, दारू यामुळे दाता म्हणून नापास होणारेही बरेच. पण प्रतिपिंडांनी नवरा-बायकोचं काही अंशी उत्तर मिळतं. मुलाला आई देते आणि बाप देत नाही, भावाला बहीण देते आणि बहिणीला भाऊ देत नाही, याचं मिळत नाही. आणि नापास व्हायला आधी तपासणीला यावं लागतं. बरेच पुरुष तपासणीपर्यंत पोचतच नाहीत, कारण त्यांचं नाव बैठकीतच वगळलं जातं.

पाळी थांबलेल्या आईचा तोटा कमी, हेही पटतं. पण माझ्यासमोर पदरात लहान मुलं असलेल्या बायका बसतात. हॅमिल्टनच्या हिशेबानेही तिचा तोटा मोठाच आहे. तरी घरात तो "काही नाही" असा धरला जातो, कारण तिच्या कामाला पगार नाही. थोरल्याने सहा आठवडे जड काम टाळायचं म्हटलं तर सुट्टी, पगार, साहेब, सगळ्याची चर्चा होते. तिनेही तितकेच दिवस जड उचलायचं नसतं. तिच्या हंड्या-बादल्या कोण उचलणार हे मी विचारते, तेव्हा खोलीत पहिल्यांदा शांतता होते. मग कोणीतरी म्हणतं, "होईल काहीतरी." तोट्याचा आकडा असा लिहिला जातो.

दीपमाळ

सिंधुताई सपकाळांची एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. अनाथ मुलांचं करायला घेतल्यावर माईंनी स्वतःची मुलगी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवली. पोटची समोर असली तर दुसऱ्यांच्या पोरांत नि तिच्यात दुजाभाव होईल, म्हणून.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. रक्ताची ओढ किती जबर असते हे त्यांना कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षा जास्त कळलं होतं. आणि ती ओढ नाकारण्याऐवजी त्यांनी तिच्याभोवती व्यवस्था बांधली. त्याची किंमत त्या मुलीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं.

परसबाग

मी न्यू जर्सीत असते. पुण्यात बाबांना ब्युरोच्या मावशी सांभाळतात. रक्ताचं नातं नाही, सुनेसारखं लग्नाचंही नाही, महिन्याचा पगार आहे. पण बाबांनी जेवण टाकलं की मावशींचा फोन येतो तेव्हा त्यांचा आवाज कातर असतो, ते पगारात बसत नाही. ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेली देवाणघेवाणीची (आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी) कल्पना मी वाचली आहे. तिने थोडंफार कळतं, सगळं नाही.

मला जास्त लागतं ते वेगळंच. मावशींची स्वतःची आई नांदेडकडच्या गावी आहे. तिचं मावशींची भावजय बघते, तिला पगार नाही. मी डॉलर पाठवते, ते मावशींपर्यंत पोचतात आणि तिथे थांबतात. या साखळीच्या शेवटी जी बाई आहे तिच्याबद्दल आपण बोलणार आहोत का? मी मावशींच्या पगाराबरोबर दरमहा वेगळी रक्कम तिच्या नावाने द्यायला सुरुवात केली आहे. पुरेसं नाही हे माहीत आहे.

नवखा_वाचक

चर्चा चालू असताना मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या धाकट्या बहिणीचं डायलिसिस सुरू झालंय. घरात आईचं नाव ठरल्यातच जमा आहे. मी तिशीतला, नोकरी करतो, आजार काही नाही. माझं नाव निघालं तेव्हा आईच म्हणाली "तुझं अख्खं आयुष्य अजून पुढे आहे." वडील साठीच्या आसपास आहेत, त्यांना कोणी विचारलेलंच नाही. मला द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

ओसरी

बरं झालं विचारलंत. आधी रक्तगट बघा, सगळ्यांचे. मग साखर, बीपी, लघवीतलं प्रथिन, किडनीचं काम किती टक्के चालतंय ते. हे ठीक आलं की क्रॉसमॅच (बहिणीच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का ते) आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी (किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला). बहिणीला मूल झालेलं असेल किंवा कधी रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, प्रतिपिंडांचा प्रश्न तिथे येतो. रक्तगट जुळला नाही तरी वाट बंद होत नाही. २०११ च्या दुरुस्तीनुसार दोन कुटुंबांत अदलाबदलीने प्रत्यारोपण करता येतं, त्याला प्राधिकार समितीची परवानगी लागते.

एक काळजी घ्या. "आधी आईचं बघू, नाही जमलं तर तू" असं रांगेने करू नका. रांगेत पहिलं नाव पास झालं की पुढचे कोणी तपासलेच जात नाहीत. तुमची आणि आईची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करा, आणि रिपोर्ट घेऊन तिघं मिळून नेफ्रॉलॉजिस्टसमोर (किडनीच्या डॉक्टरांसमोर) बसा. वयाने लहान दात्याची किडनी साधारणपणे जास्त वर्षं चालते, पण तुमच्यापुढेही बरंच आयुष्य आहे, त्याचा विचार तुमच्याशी एकट्याशी बोलून होईल. तेव्हा मनात असेल ते सगळं बोला, भीतीसुद्धा.

वडिलांचं वय आड येत असेलच असं नाही. त्यांचंही नाव लिहा.